भिंतीतला ढेकूण: चागासचा वाहक घराबाहेर ठेवणाऱ्या एका गावाचं प्रकरण

ग्वाटेमाला देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, एल साल्वादोरच्या सीमेला लागून हुतियापा नावाचा प्रांत आहे. पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर, एरवी कोरडं. मका, घेवडा, ज्वारी ही पिकं. या प्रांतातल्या एका गावात २००२ ते २००९ या काळात चागास या आजाराचा परजीवी पसरवणाऱ्या, घरातल्या रक्तपिपासू ढेकणांविरुद्ध जे काम झालं, त्याची ही मांडणी. गावाचं नाव दिलेलं नाही आणि कुठल्या एका कुटुंबाची ओळख पटेल असा तपशीलही नाही. घराचं जे वर्णन येईल ते त्या भागातल्या सर्वसाधारण घराचं आहे.

हे प्रकरण निवडलं त्याला कारण आहे. कीटकनियंत्रणाच्या कामाचा हिशेब बहुतेक वेळा किती घरं फवारली, किती औषध वापरलं यावर होतो. या गावात हिशेब वेगळ्या ठिकाणी मांडला गेला: भिंतीतल्या भेगेपाशी. आणि तसं झालं ते एका निर्णयामुळं. हा ढेकूण कायमचा संपवायचा आहे, की त्याला माणसाच्या घरात राहू द्यायचं नाही, हे आधी ठरवलं गेलं. वरवर दोन्ही एकच वाटतं, पण पुढचं सगळं काम त्यावर ठरलं.

पार्श्वभूमी

चागास हा आजार ब्राझीलचे डॉक्टर कार्लोस चागास यांनी १९०९ साली शोधला. रोग, तो घडवणारा परजीवी आणि परजीवी पसरवणारा कीटक ही तिन्ही कोडी एकाच माणसानं उलगडल्याचं हे विरळा उदाहरण. परजीवीचं नाव ट्रिपॅनोसोमा क्रूझी. त्याचा वाहक म्हणजे ढेकणाच्या दूरच्या नात्यातला, पण त्याहून कितीतरी मोठा, पंख असलेला कीटक. हुतियापात आढळणारी जात ट्रायटोमा डिमिडियाटा ही आहे. पूर्ण वाढलेला किडा तीनएक सेंटिमीटर लांब, काळपट, पोटाच्या कडेनं पिवळसर-नारिंगी पट्टे. तिथले लोक त्याला ‘चिंचे पिकुदा’ म्हणतात.

डास चावला की लाळेतून रोग देतो, तसं इथं होत नाही. हा ढेकूण रात्री झोपलेल्या माणसाच्या उघड्या अंगावर, बऱ्याचदा चेहऱ्यावर, बसून रक्त पितो. चावा दुखत नाही म्हणून माणूस जागा होत नाही. पोट भरलं की किडा विष्ठा टाकतो, आणि परजीवी त्या विष्ठेत असतो. झोपेत खाजवताना ती विष्ठा चाव्याच्या जखमेत किंवा डोळ्यात गेली की लागण. काही मुलांची एका बाजूची पापणी सुजते, काहींना ताप येतो, पण बहुतेकांना काहीच कळत नाही. मग वर्षानुवर्षं शांतता. वीस-तीस वर्षांनी, लागण झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांपर्यंत लोकांचं हृदय बिघडतं: ठोके चुकतात, हृदय फुगतं, काही जण काम करताकरता कोसळतात. काहींची अन्ननलिका किंवा मोठं आतडं निकामी होतं. जगात सत्तर लाखांच्या आसपास लोकांना ही लागण असावी असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातले बहुसंख्य लॅटिन अमेरिकेतले आहेत. लस नाही. म्हणून सगळी भिस्त कीटक रोखण्यावर.

मराठी वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येईल तो आपल्याकडचा. ट्रिपॅनोसोमा क्रूझीचा प्रसार भारतात होत नाही. या कीटककुळातल्या काही जाती मात्र आहेत: लिनशकोस्टियस ही अख्खी प्रजाती फक्त भारतात सापडते, आणि जहाजांबरोबर जगभरच्या बंदरांत पोचलेला ट्रायटोमा रुब्रोफासियाटा भारतातही आहे. या परजीवीचा एक भाऊबंद, गुराघोड्यांना ‘सर्रा’ हा रोग देणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका पशुपालकाच्या रक्तात २००४ साली सापडला होता. माणसात अशी लागण नोंदवली गेल्याची ती जगातली पहिली खात्रीशीर घटना मानली जाते. सुरामिन या औषधानं तो बरा झाला. ही गोष्ट चागासची नाही, त्यामुळं घाबरायचं कारण नाही. पण कुडाच्या भिंती, गोठा, घरात वावरणारी कोंबडी-कुत्री हे सगळं आपल्याला अनोळखी नाही, आणि हे प्रकरण मुळात त्याबद्दलच आहे.

अडचण नेमकी काय होती

मध्य अमेरिकेच्या देशांनी १९९७ साली चागासविरुद्ध एकत्र मोहीम उभी केली. ग्वाटेमालात २००० पासून जपानच्या सहकार्य संस्थेची साथ मिळाली आणि फवारणीनं वेग घेतला. तेव्हा देशात दोन वाहक होते. एक ऱ्होडनियस प्रोलिक्सस, मध्य अमेरिकेत बाहेरून आलेला. तो गवताच्या आणि झावळ्यांच्या छपरात राही, आणि तिथं त्याला रानात ठाव नव्हता. घरं फवारली की त्याला परत यायला जागाच उरत नसे. २००८ साली ग्वाटेमालाला या जातीमार्फत होणारा प्रसार थांबल्याचं प्रमाणपत्र मिळालं. मध्य अमेरिकेतला तो पहिला देश. हे यश खरंच मोठं होतं.

दुसरा ट्रायटोमा डिमिडियाटा. हा इथलाच. दगडांच्या राशी, झाडांच्या ढोली, प्राण्यांची बिळं, परसातलं सरपण, कोंबड्यांची जागा आणि घराच्या भिंती या सगळीकडं तो राहतो. आजूबाजूला त्याचं कायमचं बिऱ्हाड असतं. घर फवारलं की घरातले किडे मरतात, काही महिने जातात, आणि बाहेरून नवे येतात. हुतियापातल्या या गावात आधीच्या, फक्त फवारणीच्या फेऱ्यांनंतर नेमकं हेच झालं: फवारणी, घट, आणि थोड्याच काळात पुन्हा तेच.

हे का होतं ते एका घरात शिरून पाहावं लागतं. भिंत कच्च्या विटांची किंवा कुडाची: उभे-आडवे बांबू-काटक्या बांधून मधे चिखल भरलेला. बाहेरून बघताना भिंत सरळ दिसते. जवळ गेलं की कळतं, चिखल वाळून आक्रसलाय आणि काटकीभोवती करंगळी शिरेल एवढी फट पडलीय. कोपऱ्यात गिलावा सुटून पोपडा लोंबतोय. किड्यांची पाहणी करणारी जोडी अशा घरात अर्धा तास शोधते. दोन माणसं, अर्धा तास, म्हणजे एका माणसाचा एक तास असं ते माप. एका हातात विजेरी, दुसऱ्यात चिमटा. खाटेच्या मागची भिंत पहिली. आधी किडा दिसत नाही, दिसतात त्याचे डाग: भेगेच्या तोंडाशी काळे आणि पांढरट-पिवळे ओघळ, वाळलेली विष्ठा. मग टाकलेली कात, फुटक्या अंड्यांची टरफलं. पिल्लू शोधणं सगळ्यात अवघड, कारण या जातीची पिल्लं अंगावर माती ओढून घेतात. भिंतीचा सुटलेला कण समजून नजर पुढं सरकते, आणि तेवढ्यात तो कण चालायला लागतो.

पिल्लू सापडणं महत्त्वाचं असतं. उडणारा मोठा किडा दिव्याकडं आकर्षित होऊन एखाद्या रात्री बाहेरून आलेला असू शकतो. पिल्लांना पंख नसतात. ती सापडली म्हणजे किडा त्या भिंतीत घर करून आहे, तिथंच अंडी घालतोय. अंड्यातून बाहेर पडल्यावर पिल्लाला पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक वेळी त्याआधी रक्त लागतं. वाढ सावकाश होते, महिनोन् महिने. म्हणजे एका भेगेत जन्मलेला किडा मोठा होईपर्यंत त्या घरातल्या कुणाला तरी, माणसाला किंवा जनावराला, पुन्हा पुन्हा पिऊन घेतो.

वापरायचं औषध पायरेथ्रॉइड गटातलं, जसं डेल्टामेथ्रिन. सिमेंटच्या किंवा रंगवलेल्या भिंतीवर ते बरेच दिवस काम करतं. मातीच्या भिंतीत मुरून जातं, धुळीखाली झाकलं जातं. भेगेच्या आत खोलवर पोचत नाही. अंड्यांवर त्याचा फारसा परिणाम नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता ठरावीक काळानं फवारत राहणं. यंत्रणा तयार होती, माणसं शिकलेली होती, औषध माहितीचं होतं. पण फवारणीच्या दिवशी घरातलं सगळं सामान, धान्य, भांडी, अंथरुणं बाहेर काढावी लागतात. वर्षातून एकदा लोक ते आनंदानं करतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी दार उघडायला टाळाटाळ सुरू होते, आणि एखादं घर सुटलं की तिथून पुन्हा सुरुवात. शिवाय खर्च सरकारच्या खिशातून कायम चालू ठेवावा लागतो. पैसा आटला की काम थांबतं. दक्षिणेकडं अर्जेंटिना आणि बोलिव्हियाच्या चाको भागात दुसऱ्या जातीच्या ढेकणांमध्ये याच औषधांना दाद न देण्याची क्षमता वाढल्याचं आढळलं होतं. औषधावरच सगळा भार टाकला तर इथंही ते कधी ना कधी होऊ शकलं असतं.

दुसरा पर्याय घरंच बदलायची: विटांची, सिमेंटची. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत पक्का. पण ज्या गावात सिमेंटची गोणी ही मोठी खरेदी असते, तिथं हा पर्याय कागदावरच राहिला असता. अशी पक्की घरं बांधून मिळण्याची वाट बघत बसणं म्हणजे तोवर झोपणाऱ्या पोरांच्या अंगावर ढेकूण सोडून देणं, असं मला वाटतं.

तिसरा पर्याय, जो निवडला गेला: एकदा नीट फवारणी करून किडे खाली आणायचे, आणि ते परत येण्याआधी त्यांची राहायची जागा आणि जेवणाचं ताट दोन्ही काढून घ्यायचं. जागा म्हणजे भेगा, मातीची उकरलेली जमीन, अडगळ. ताट म्हणजे घरात झोपणाऱ्या कोंबड्या आणि कुत्री.

चौथा पर्याय खरं तर तिसऱ्याचाच भाग झाला: लोकांनी स्वतः किडा पकडून आरोग्य केंद्रात आणून द्यायचा. हा एकटा पुरला नसता. किडा दिसला हे कळणं आणि तो राहणार नाही अशी भिंत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला निर्णय: उद्दिष्ट

इथं थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या प्रकरणाचा कणा इथं आहे.

ऱ्होडनियसच्या बाबतीत ‘उच्चाटन’ हे उद्दिष्ट बरोबर होतं. तेच उद्दिष्ट ट्रायटोमा डिमिडियाटाला लावलं तर दर वर्षी अपयशच पदरात पडणार, कारण रान तर फवारता येत नाही. मग ‘एकही किडा दिसता कामा नये’ याऐवजी ‘घरात किड्याची वसाहत होता कामा नये’ हे उद्दिष्ट घेतलं तर चालेल का?

चालेल, आणि त्याचं कारण लागणीच्या गणितात आहे. परजीवी असलेला किडा चावला म्हणजे लागण झालीच असं नाही. संशोधकांनी काढलेला अंदाज असा की एका लागणीमागं बाधित किड्याचे साधारण हजाराच्या घरातले चावे लागतात. हे ऐकून धोका कमी वाटेल, पण ज्या घरात भिंतीत वसाहत आहे तिथं माणूस अशा भिंतीला पाठ लावून जन्मभर झोपतो, आणि हजार आकडा भरायला वेळ लागत नाही. उलट, वसाहत मोडली आणि कधीतरी एखादा किडा उडत आला, तरी चाव्यांची संख्या इतकी घटते की लागणीची शक्यता अगदी कमी उरते. म्हणून पूर्ण शून्याचा हट्ट न धरता वसाहत मोडण्यावर जोर देणं हे मागं हटणं नव्हतं. विज्ञान हेच सांगत होतं.

दुसरा निर्णय: आधी फवारणी की आधी गिलावा

आपल्याकडं गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात काम केलेल्यांना हा प्रश्न लगेच ओळखीचा वाटेल. डासांसाठी घर आतून फवारलं की पाठोपाठ सण येतो, घर लिंपलं-सारवलं जातं, आणि औषध मातीच्या थराखाली गाडलं जातं. म्हणून फवारणीवाले सांगून जातात, इतके महिने लिंपू नका. तिथं लिंपण फवारणीच्या मुळावर येतं.

या गावात उलटं होतं. लिंपण हेच मुख्य हत्यार ठरलं, म्हणून क्रम नीट लावावा लागला. आधी गावभर फवारणी, भिंतीतल्या किड्यांचा मोठा भाग मारण्यासाठी. त्यानंतर भेगा बुजवणं. गिलाव्यानं औषध झाकलं गेलं तरी चालण्यासारखं होतं, कारण औषधाचं काम झालेलं होतं आणि पुढचं काम भिंतीचं होतं. उलट क्रमानं, म्हणजे भरलेल्या वसाहतीवर गिलावा करून, किडे घरातल्या घरात दुसरीकडं पांगले असते.

काय केलं

गिलाव्यासाठी बाजारातून सामान आणायचं नाही, हे पहिलं तत्त्व. हुतियापाच्या आसपास ज्वालामुखीचा मुलूख आहे, त्यामुळं ज्वालामुखीची राख आणि वाळू हाताशी असते. चुना तर घरोघरी असतोच, कारण मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळायचे ही तिथली रोजची स्वयंपाकाची पद्धत आहे. चुना आणि अशी राख ओलाव्यात एकत्र आली की हळूहळू घट्ट होतात. नुसत्या चिखलासारखी आक्रसून फुटत नाहीत. प्रमाण किती, माती किती, पाणी किती हे गावातल्याच मातीवर करून बघितलं गेलं. ठिकठिकाणची माती वेगळी, म्हणून एका गावचं प्रमाण दुसऱ्या गावाला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

घरातल्या माणसांनीच हात लावला. आधी सुटलेला पोपडा खरवडून काढायचा, भेग मोकळी करायची, भिंत ओली करायची, मग भेगेत आतपर्यंत मिश्रण दाबायचं. वरून हात फिरवून झाकलेली भेग महिन्याभरात पुन्हा तोंड उघडते, म्हणून हा आत दाबायचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. मग वरचा थर. जमिनीसाठी चुना आणि राख-वाळूचा थर अंथरून, ठोकून घट्ट करायचा. आपल्या जुन्या घरांतल्या चुन्याच्या कोब्यासारखाच प्रकार. मातीच्या सैल जमिनीत लपणाऱ्या पिल्लांना मग आसरा उरत नाही.

कोंबड्यांचा प्रश्न अधिक नाजूक होता. पक्ष्यांच्या रक्तात हा परजीवी जगत नाही, त्यामुळं कोंबडी रोग पसरवत नाही. पण ती ढेकणाला पोसते. घरात दहा कोंबड्या म्हणजे भिंतीतल्या वसाहतीला रोजचं जेवण. त्या बाहेर काढा, हे सांगायला सोपं. लोक त्या रात्री घरात का घेतात, हे कळल्याशिवाय ते होणार नव्हतं. चोराचं भय, आणि ‘ताकुआसीन’ म्हणजे तिथल्या ओपोसम या मांजराएवढ्या, पोटाला पिशवी असलेल्या रानटी प्राण्याचं भय. तो रात्री कोंबड्या उचलतो, आणि गंमत म्हणजे हा परजीवी रानात ज्यांच्या अंगी राहतो त्यात ओपोसमही आहे. म्हणून घरापासून अंतरावर, जाळीनं बंदिस्त खुराडी हा तोडगा निघाला. कोंबडी सुरक्षित राहणार असेल तरच ती बाहेर जाते. आरोग्याच्या नावाखाली तिचा जीव धोक्यात घालायला कुठलीही घरधनीण तयार होणार नाही आणि व्हायलाही नको.

याच्या जोडीला परसातल्या विटा, कौलं, सरपण यांचे ढीग घरापासून दूर नेणं, खाटा भिंतीपासून सरकवणं, खाटेमागं लटकवलेले कपडे काढणं. आणि गावात बोलणं. भेगेतून काढलेला किडा लोकांना प्रत्यक्ष दाखवणं. बऱ्याच जणांनी किडा आयुष्यभर बघितलेला असतो, पण तरुणपणी हृदय बंद पडून गेलेल्या माणसाशी त्याचा काही संबंध आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. मधे वीस वर्षं गेलेली असतात, तर जोडणार कसं?

परिणाम

शेवटच्या फवारणीनंतर पुढची पाच वर्षं या गावातल्या घरांच्या आत किडे सापडण्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आत राहिलं. परसात, म्हणजे खुराडी, ढीग, गोठे यांत, ते २ टक्क्यांच्या आत राहिलं. आधीच्या, नुसत्या फवारणीच्या फेऱ्यांनंतर किडे किती लवकर परतले होते ते पाहिलं की हा फरक ठळक दिसतो. आणि ही पाच वर्षं नव्या फवारणीशिवायची आहेत.

परसातला आकडाही कमी राहिला, हे मला विशेष वाटतं. घरातून हुसकलेला किडा परसात साठेल अशी रास्त शंका होती. ढीग हलवले आणि खुराडी नीट बांधली, त्याचा हा परिणाम असावा.

पुढं हीच पद्धत ग्वाटेमालातल्या आणखी गावांत, तसंच एल साल्वादोर आणि होंडुरास इथं नेली गेली.

वेगळं काय करता आलं असतं

उंदरांकडं लक्ष उशिरा गेलं. हुतियापातल्याच कोमापा भागात, जिथं फवारणी होऊनही किडे हटत नव्हते, तिथं नंतरच्या कामात उंदीर हा जोखमीचा मोठा भाग असल्याचं दिसलं आणि उंदरांच्या बंदोबस्ताला धरून गावकऱ्यांबरोबर नवी आखणी झाली. कोंबडीच्या उलट, उंदराच्या रक्तात परजीवी जगतो. घरात साठवलेला मका, त्यावर उंदीर, उंदराच्या बिळात ढेकूण अशी ही साखळी. धान्य साठवायची सोय पहिल्याच टप्प्यात, गिलाव्याच्या बरोबरीनं घेतली असती तर बरं झालं असतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कणगीवाल्या घरात हे न सांगता कळेल.

दुसरं, गिलाव्याची देखभाल. ग्वाटेमाला भूकंपाचा देश आहे, आणि प्रत्येक पावसाळा भिंतीला थोडं झिजवतो. नवी भेग कुणी बघायची? बाहेरून वर्षातून एकदा येणारा कर्मचारी की दिवसभर घरात असणारी बाई? माझ्या मते हे काम आणि त्याचं शिक्षण सुरुवातीपासून घरातल्या बाईच्या हाती ठेवावं, आणि आरोग्य कर्मचाऱ्यानं तिनं सांगितलेल्या घरी जावं. तिनं किडा आणून दिला आणि दोन महिने कुणी फिरकलं नाही, तर तिसरा किडा ती आणत नाही. लोकांनी कळवणं आणि यंत्रणेनं धावून जाणं यांतलं अंतर किती असावं, हे आधीच ठरवून गावासमोर सांगायला हवं.

तिसरं, नवी घरं. परदेशी गेलेल्या मुलाचे पैसे आले की लोक सिमेंटच्या ठोकळ्यांचं घर बांधायला घेतात. बांधकाम वर्षानुवर्षं चालतं आणि तोवर ठोकळ्यांची रास जुन्या मातीच्या घराला टेकून उभी असते. त्या राशीइतकी चांगली जागा ढेकणाला दुसरी नाही. घर सुधारण्याच्या वाटेवरचा हा मधला काळ कुठल्याच योजनेत धरलेला नसतो. पाहणीच्या यादीत ‘अर्धवट बांधकाम’ ही स्वतंत्र नोंद असायला हवी.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. गिलाव्यानं पुढची लागण थांबते, झालेली लागण जात नाही. बेंझनिडाझोल आणि निफुर्टिमॉक्स ही दोन औषधं आहेत. लागण ताजी असताना, आणि लहान मुलांत, ती उत्तम काम करतात. उशीर होत जातो तसा त्यांचा उपयोग कमी होत जातो. लागण झालेल्या आईकडून गर्भातल्या बाळाला ती जाऊ शकते; गर्भारपणात ही औषधं देत नाहीत, म्हणून मुलीचा उपचार तिला दिवस जाण्याआधी व्हायला हवा. ज्या घराच्या खाटेमागच्या भिंतीत पिल्लं सापडली, त्या खाटेवर कोण झोपतं हे पाहणी करणाऱ्याला त्याच क्षणी माहीत असतं. तेव्हा घराच्या त्याच फेरीत मुलांच्या आणि तरुण मुलींच्या रक्ताची तपासणी धरावी, तिचा निकाल घरपोच कळवावा, आणि औषधाच्या साठ दिवसांच्या काळात अंगावर पुरळ, मळमळ असे त्रास होतात म्हणून आठवड्याला कुणीतरी विचारपूस करायला जावं. कीटक खातं आणि उपचार खातं वेगळं असलं की या दोन फेऱ्या वेगळ्या वर्षी होतात, आणि मधल्या वर्षांत ती मुलगी आई झालेली असते.